ज्ञानाची यंत्रणा आणि कचेरीची रीत

कोणत्याही मोठ्या संस्थेजवळ असलेल्या ज्ञानाचा काही भाग नियमपुस्तिका, आराखडे, अहवाल आणि संगणकातील नोंदी यांत लिहून ठेवलेला असतो; उरलेला, आणि बहुधा अधिक मोलाचा, भाग मात्र तेथे काम करणाऱ्या माणसांच्या हातांत, नजरेत आणि स्मरणात वसत असतो, आणि तो त्यांच्याबरोबरच बदलीच्या गावी किंवा निवृत्तीनंतर घरी निघून जातो. हंगेरीत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक मायकेल पोलानी यांनी 1966 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे कळते पण शब्दांत पुरते मांडता येत नाही अशा, अव्यक्त ज्ञानाची मीमांसा केली. एकाला उमगलेली गोष्ट दुसऱ्याच्या कामी वेळेवर यावी, एकच चूक दोन ठिकाणी दोनदा होऊ नये आणि माणूस गेला तरी त्याने मिळवलेली जाण संस्थेत उरावी, यासाठी जाणीवपूर्वक केलेली व्यवस्था म्हणजे ज्ञान-व्यवस्थापन होय.

या विषयाला स्वतंत्र विद्याशाखेचे रूप आले ते 1990 नंतरच्या दशकात, आणि त्यामागे दोन कारणे एकाच वेळी कार्यरत होती. इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची या जपानी अभ्यासकांनी 1995 साली आपल्या ग्रंथात जपानी उद्योगांच्या यशाचे मूळ त्यांच्या ज्ञाननिर्मितीच्या पद्धतीत शोधले, हे पहिले कारण. आणि त्याच सुमारास कार्यालयातील संगणक एकमेकांना जोडले जाऊन सामायिक माहितीसाठे, अंतर्गत संकेतस्थळे आणि शोधयंत्रे सहज उपलब्ध झाली, हे दुसरे. परिणामी संस्थांनी ज्ञान-व्यवस्थापन म्हणजे मुख्यतः संगणकप्रणालीची खरेदी असे समीकरण मांडले, प्रणाली बसवली, उद्घाटने झाली, आणि बहुतेक ठिकाणी काही महिन्यांतच ते भांडार ओस पडले. यंत्रात दोष होता असे क्वचितच आढळले. दोष शोधायचा तो त्या कार्यालयात कोणत्या कामाची मोजदाद होते, चूक कबूल करणाऱ्याचे काय होते आणि कोणाच्या शब्दाला वजन आहे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत. आणि या उत्तरांच्या बेरजेलाच कार्यसंस्कृती म्हणतात.

यातील पहिला प्रश्न किती निर्णायक असतो याचा उत्तम पुरावा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापक वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी 1992 साली मांडलेल्या अभ्यासात सापडतो. अनेक देशांत कार्यालये असलेल्या एका मोठ्या सल्लागार कंपनीने 'लोटस नोट्स' ही प्रणाली हजारो कर्मचाऱ्यांसाठी विकत घेतली होती. दूरदूरच्या माणसांना एकाच सामायिक नोंदवहीत लिहिता-वाचता यावे, चर्चा करता यावी, यासाठी ती प्रणाली रचलेली होती, आणि कंपनीचे माहिती-तंत्रज्ञान प्रमुख तिच्या सामर्थ्याने इतके भारावले होते की ती माणसांच्या हाती पडली की ज्ञानाची देवाणघेवाण आपोआप सुरू होईल असा त्यांचा विश्वास होता. प्रत्यक्षात मात्र, पुरेसे प्रशिक्षण न मिळाल्याने, बहुतेक सल्लागारांनी तिच्याकडे परिचित साधनांच्या चष्म्यातून पाहिले. कोणाला ती टपाल पाठवण्याची सोय वाटली, तर कोणाला आकडेमोडीच्या तक्त्याचा नवा प्रकार.

परंतु प्रशिक्षणाचा अभाव हे वरवरचे कारण होते, आणि ऑर्लिकोव्स्की यांच्या निरीक्षणाचे खरे मोल ते त्याच्या तळाशी गेल्या यात आहे. त्या कंपनीत सल्लागाराच्या दिवसाचा प्रत्येक तास कोणत्या ना कोणत्या ग्राहकाच्या नावे मांडला जात असे, आणि नवी प्रणाली शिकण्यात किंवा तिच्यात टिपणे लिहिण्यात गेलेला वेळ कोणाच्याही बिलात बसत नसल्याने तो वाया गेलेला वेळ ठरत असे. शिवाय ठरावीक काळात बढती मिळवा, नाहीतर नोकरी सोडा, असा तेथील अलिखित कायदा होता, आणि बढती मिळे ती इतरांजवळ नसलेले काही आपल्याजवळ आहे हे सिद्ध केल्यावर. अशा वातावरणात तरुण सल्लागाराला आपली जाण सामायिक भांडारात टाकायला सांगणे म्हणजे त्याच्या नोकरीचा एकमेव आधार त्याच्याकडून फुकट मागणे होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा हिशेब त्याला कोणी शिकवावा लागला नाही. याच कंपनीतील भागीदार, म्हणजे ज्यांचे स्थान आता पक्के झाले होते असे ज्येष्ठ, आणि तंत्रविभागातील कर्मचारी, ज्यांच्यावर तासांच्या बिलाचा तगादा नव्हता, यांनी मात्र तीच प्रणाली एकमेकांशी सहकार्य करण्यासाठी वापरायला सुरुवात केली होती. छत एक, यंत्र एक, आणि तरीही वापर दोन प्रकारचा. हा फरक यंत्राने घडवलेला नव्हता हे उघड आहे.

याच्या अगदी उलट दिशेचे, आणि या संपूर्ण विषयात बहुधा सर्वाधिक अभ्यासले गेलेले, उदाहरण झेरॉक्स कंपनीचे आहे. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे या कंपनीने 1970 साली संशोधन केंद्र स्थापन केले होते, आणि तेथे काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास हाती घेतला. एखाद्या दूरच्या जमातीत राहून तिच्या चालीरीती पाहाव्यात त्या पद्धतीने ते या तंत्रज्ञांबरोबर ग्राहकांच्या कार्यालयांत गेले, त्यांच्याबरोबर जेवले, त्यांचे प्रशिक्षणही त्यांनी घेतले, आणि या निरीक्षणांवर आधारलेले त्यांचे पुस्तक 1996 साली प्रसिद्ध झाले. कंपनीची समजूत अशी होती की यंत्र दाखवते त्या बिघाड-संकेताचा अर्थ पुस्तिकेत पाहावा, पुस्तिकेतील पायऱ्या क्रमाने कराव्यात आणि यंत्र दुरुस्त व्हावे. तंत्रज्ञाने विचार करण्याची फारशी गरज या व्यवस्थेत धरलेलीच नव्हती. ऑर यांना दिसले ते निराळेच. वर्षानुवर्षे वापरलेले प्रत्येक यंत्र आपल्या सवयी घेऊन बिघडत असे, पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या कल्पनेत न आलेले बिघाड रोज समोर येत असत, आणि अशा वेळी तंत्रज्ञ पुस्तिका मिटून एकमेकांना पूर्वीच्या दुरुस्त्यांच्या हकिकती सांगत असत. सकाळच्या न्याहारीला, दुपारच्या जेवणाला, सुट्या भागांच्या कोठारात उभ्या उभ्या, या हकिकती चालत; आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने ज्या गप्पांत कामाचा वेळ जात होता त्याच गप्पांतून यंत्राचे खरे निदान जन्माला येत होते.

या शोधाचा पहिला उपयोग साधा होता. कंपनीने डेन्व्हर भागातील तंत्रज्ञांना दुतर्फा बोलता येणारे रेडिओ दिले, जेणेकरून निरनिराळ्या ठिकाणी काम करत असतानाही त्यांचे बोलणे चालू राहावे. तेवढ्याने अडलेल्याला मदत मिळू लागली, पण हवेत विरणारी हकिकत दुसऱ्या शहरातल्या किंवा पुढच्या वर्षी येणाऱ्या तंत्रज्ञापर्यंत पोचत नव्हती. दरम्यान संशोधन केंद्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासकांनी यंत्राचे संगणकीय प्रारूप बनवून त्यावरून बिघाडाचे निदान करणारी प्रणाली तयार केली, परंतु तंत्रज्ञांना तिचे विशेष अप्रूप वाटले नाही, कारण त्यांना छळणारे बिघाड त्या प्रारूपात नव्हतेच. या ठिकाणी संशोधकांनी जो निर्णय घेतला तो दुर्मीळ आहे. वापरणाऱ्यांना अडाणी ठरवण्याऐवजी त्यांनी आपली प्रणाली बाजूला ठेवली आणि तंत्रज्ञांच्या हकिकतींनाच घर मिळेल असे साधन त्यांच्याच सल्ल्याने उभे करायचे ठरवले. 'युरेका' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या साधनाची सुरुवात फ्रान्समध्ये झाली, पुढे ते कॅनडात, अमेरिकेत आणि अन्य देशांत पोचले.

युरेकाची तांत्रिक रचना आजच्या कोणत्याही विद्यार्थ्याला साधी वाटेल अशी होती: बिघाडाचे लक्षण काय, कारण काय, ते कसे तपासावे आणि उपाय कोणता, एवढेच प्रत्येक नोंदीत असे. तिची असामान्य बाजू म्हणजे नोंदीभोवतीचे नियम, कारण ते तंत्रज्ञांच्या चालत आलेल्या रीतीवरून घेतलेले होते. एखाद्याने सुचवलेला उपाय थेट भांडारात जात नसे. त्या यंत्राचे मर्म जाणणारे, सहकाऱ्यांनी मानलेले अनुभवी तंत्रज्ञ तो आधी पारखत, गरज पडल्यास लिहिणाऱ्याशी बोलून दुरुस्त करत, आणि मगच त्याला मान्यता देत. मान्य झालेल्या नोंदीवर लिहिणाऱ्याचे नाव कायम राही. नोंदींसाठी पैसे द्यावेत का, हा विचार पुढे आला तेव्हा तंत्रज्ञांनीच तो नाकारला, कारण पैसे आले की माणसे नोंदींची संख्या वाढवण्याच्या मागे लागतील, गुणवत्तेकडे पाहणार नाहीत आणि सहकाऱ्यांतला मान हा खरा मोबदला हरवेल, असे त्यांचे म्हणणे होते. ब्राझीलमधील एक तंत्रज्ञ, रुष्ट झालेल्या ग्राहकाचे सुमारे 40,000 डॉलर किमतीचे रंगीत छपाई यंत्र बदलून देण्याच्या बेतात असताना, मॉन्ट्रियलमधील एका तंत्रज्ञाची नोंद त्याला या भांडारात सापडली आणि एका डॉलरहूनही कमी किमतीचा सुटा भाग बदलून ते यंत्र सुरू झाले, ही घटना व्यवस्थापनशास्त्रात पुढे वारंवार सांगितली गेली. ती सांगताना बहुतेक जण संगणकाच्या वेगाचे कौतुक करतात. मॉन्ट्रियलमधील माणसाला ते लिहून ठेवावेसे वाटले आणि ब्राझीलमधील माणसाला अनोळखी सहकाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावासा वाटला, या दोन गोष्टींना त्या कौतुकात जागा मिळायला हवी, कारण त्यांच्याविना वेग निरुपयोगी होता.

बक्षिसाचा हा प्रश्न भारतात अधिक स्पष्टपणे पुढे आला तो इन्फोसिस कंपनीत. 1981 साली पुण्यात स्थापन झालेली आणि 1983 मध्ये बंगळूरला गेलेली ही कंपनी 1990 नंतरच्या दशकात इतक्या वेगाने वाढत होती की जुन्यांनी शिकलेले नव्या भरतीपर्यंत पोचवणे ही तिच्या अस्तित्वाचीच गरज झाली. दशकाच्या अखेरीस कंपनीने 'के-शॉप' हे ज्ञानाचे अंतर्गत दालन उघडले, पण प्रकल्पांच्या मुदतींत अडकलेले अभियंते त्यात काही लिहिण्यास सवड काढत नसल्याचे दिसल्यावर 'ज्ञान-चलन' ही योजना आणली गेली. लेख देणाऱ्याला, तो तपासणाऱ्याला आणि वाचून उपयुक्त ठरवणाऱ्याला गुण मिळत, आणि साठलेल्या गुणांच्या बदल्यात भेटवस्तू घेता येत. योजना सुरू होताच भांडार झपाट्याने भरले, परंतु त्याबरोबर अडचणीही भरून आल्या, ज्यांचा तपशील रघू गरुड आणि अरुण कुमारस्वामी या अभ्यासकांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात नोंदवलेला आहे. सुमार मजकूर वाढला, तपासणाऱ्यांवर असह्य ताण आला, मित्रांनी मित्रांच्या लेखांना भरघोस गुण देण्याचे प्रकार घडले, आणि शोधणाऱ्याला हवे ते सापडणे उलट कठीण होऊन बसले. त्याहून गंभीर परिणाम असा की एरवी शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारल्याबरोबर सांगत असे त्या मदतीला आता किंमत चिकटली, आणि मदत हा सौदा वाटू लागला.

इन्फोसिसचे श्रेय यात आहे की तिने योजनेच्या अपयशाचे खापर कर्मचाऱ्यांवर फोडले नाही आणि योजनाही गुंडाळून टाकली नाही. गुणांचे वस्तूंशी असलेले नाते सैल करण्यात आले, प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना लेख किती उपयोगी पडला याला अधिक वजन दिले गेले, आणि व्यक्तीऐवजी प्रकल्पगटाच्या पातळीवर ज्ञानाच्या वापराचा काय लाभ झाला हे पाहण्याकडे रोख वळवण्यात आला. झेरॉक्सच्या तंत्रज्ञांनी आधीच ओळखलेला धोका येथे अनुभवाने कळला. पैशाने किंवा वस्तूंनी माणसाला लिहिते करता येते, परंतु काय लिहावे याची त्याची पारख त्याच वेळी बिघडवताही येते; म्हणून प्रारंभीच्या उत्तेजनासाठी बक्षीस ठेवणे एक वेळ ठीक, त्यावर कायमची इमारत उभारणे चूक आहे.

मोजदाद आणि मोबदला यांच्याहूनही खोल जाणारे कारण म्हणजे भीती. अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेने आपल्या मोहिमांतून मिळालेले धडे साठवण्यासाठी संगणकीय प्रणाली उभारली होती, आणि मंगळ मोहिमांच्या 1999 सालच्या अपयशांनंतर तिच्या उपयोगाविषयी शंका उत्पन्न झाल्याने अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने तिची तपासणी केली. जानेवारी 2002 मधील या संस्थेच्या अहवालात असे आढळले की प्रकल्पप्रमुख ही प्रणाली नियमितपणे वापरत नव्हते, धडा लिहून काढायला वेळ मिळत नव्हता, आणि चूक खपवून घेतली जात नाही अशी भावना असल्याने आपली चूक नोंदवण्यास माणसे धजत नव्हती. या अहवालाला जेमतेम एक वर्ष झाले असताना, 1 फेब्रुवारी 2003 रोजी, कोलंबिया हे अंतराळयान पृथ्वीच्या वातावरणात परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सात अंतराळवीरांचा अंत झाला. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून निसटलेला फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, हे त्याचे भौतिक कारण होते. पण चौकशी मंडळाने त्या फोमइतकीच नासाची संघटनात्मक संस्कृती अपघाताला कारणीभूत असल्याचे स्पष्ट शब्दांत नोंदवले. यान अंतराळात असताना पंखाची छायाचित्रे मिळवावीत ही अभियंत्यांची मागणी वरपर्यंत टिकली नव्हती, आणि 1986 मधील चॅलेंजर यानाच्या विनाशानंतर मिळालेले धडे कागदोपत्री असूनही आचरणात उरले नव्हते. ज्ञान होते, ते साठवायची यंत्रणा होती, ते बोलून दाखवणारी माणसेही होती. अभाव होता तो त्यांचे ऐकून घेण्याच्या रीतीचा.

भीतीचा आणि नोंदीचा हा संबंध किती उलटसुलट दिसू शकतो हे हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन यांच्या 1996 सालच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. रुग्णालयांतील निरनिराळ्या कक्षांत औषधे देताना होणाऱ्या चुका त्या पाहत होत्या, आणि जेथे परिचारिकांचे आपसांतील संबंध चांगले, जेथील प्रमुख समंजस, तेथे चुका कमी असाव्यात अशी अपेक्षा होती. आकडे मात्र तेथेच अधिक चुका दाखवत होते. उलगडा असा झाला की त्या कक्षांत चुका अधिक होत होत्या असे मानण्यापेक्षा त्या अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या असे मानणे सयुक्तिक होते. संस्थेत बोलण्याने नुकसान होणार नाही असा विश्वास ज्या स्थितीत असतो त्या स्थितीला एडमंडसन यांनी मानसिक सुरक्षितता म्हटले आहे. ज्ञान-व्यवस्थापनाच्या प्रणालीवर देखरेख ठेवणाऱ्याने हे ध्यानी ठेवले पाहिजे, कारण चुकांची एकही नोंद नसलेले भांडार हे निर्दोष कामाचे नव्हे, तर दबलेल्या माणसांचे लक्षण असण्याची शक्यता अधिक आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा विषय दूरच्या कंपन्यांचा वाटण्याचे कारण नाही. राज्य शासनाच्या 2005 सालच्या बदल्यांविषयीच्या अधिनियमाने एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा ठरवला आहे, आणि हितसंबंध रुजू नयेत यासाठी ही तरतूद योग्यच आहे. परंतु तिचा दुसरा अर्थ असा की तालुक्यातील पाणीयोजना कोठे गळते, कोणत्या गावचा वाद कोणत्या जुन्या निर्णयातून निघाला, याची जाण दर काही वर्षांनी खुर्चीबरोबर रिकामी होते. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्याने अभिलेखांची सूची करून ते संगणकावर आणण्याचे बंधन प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर घातले, आणि 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत कागदपत्रांची मोठी हानी झाल्यावर संगणकीकृत नस्तींची निकड सर्वांना पटली. नस्ती पडद्यावर आली हे स्वागतार्हच आहे, पण टिपणीत लिहिलेला प्रत्येक शब्द उद्या चौकशीत आपल्यावर उलटू शकतो असे ज्या लिपिकाला वाटते तो पडद्यावरही तेवढेच लिहितो जेवढे कागदावर लिहीत असे. कार्यभार सोपवताना नव्या अधिकाऱ्याबरोबर बसून बोलण्यासाठी दोन दिवस अधिकृतपणे मिळाले, आणि त्या बोलण्याचे टिपण हे सेवेतील कामच मानले गेले, तर कोणत्याही महागड्या प्रणालीपेक्षा ते अधिक ज्ञान वाचवील.

गेल्या काही वर्षांत संस्थेतील सर्व कागदपत्रे वाचून प्रश्नाचे उत्तर सरळ वाक्यांत देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत, आणि आता कोणाला काही लिहून ठेवायची गरजच उरणार नाही, असा प्रचार ऐकू येतो. या साधनांनी शोधण्याचे कष्ट निश्चितच हलके केले आहेत. परंतु जे कोणी लिहिले नाही, भीतीपोटी वगळले, किंवा साहेबांना आवडेल असे करून लिहिले, ते या साधनांना ठाऊक असण्याचा मार्ग नाही, आणि सुमार नोंदींतून त्यांनी रचलेले उत्तर आत्मविश्वासपूर्ण भाषेमुळे अधिकच फसवे ठरू शकते. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 2018 साली ज्ञान-व्यवस्थापनासाठी 30401 क्रमांकाचे जे मानक प्रसिद्ध केले त्यात ज्ञानाला पोषक संस्कृती हा स्वतंत्र घटक म्हणून नोंदवला आहे, याचा अर्थ या क्षेत्रातील जाणकारांनी हा अनुभव मान्य केला आहे. नवी प्रणाली विकत घेण्याच्या विचारात असलेल्या संस्थाप्रमुखांनी म्हणूनच निविदा काढण्यापूर्वी आपल्या सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याला बोलावून, गेल्या वर्षात त्याला उमगलेली कोणती गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही आणि का, हे शांतपणे विचारावे, आणि त्याचे उत्तर ऐकल्यावर आधी काय बदलायचे ते ठरवावे.